लाभाचा फेरा

निपाणीत तंबाखूच्या वखारीत मोजणीला बसणाऱ्याला गणित कमी आलं तरी चालतं, पण रीत यावी लागते. मारुतीरावांच्या वखारीतली रीत अशी, की ट्रकमधून उतरलेला पहिला बोद, म्हणजे तागात शिवलेलं तंबाखूचं ते भलंमोठं गाठोडं, 'एक' म्हणून मोजायचा नाही. त्याला म्हणायचं 'लाभ'. तो देवाचा. दुसऱ्यापासून एक, दोन, तीन. सगळं उतरून झालं की शेवटच्या आकड्यात तो लाभ मिळवायचा आणि मग आकडा मालकाला सांगायचा. बाकीच्या वखारींत लाभ म्हटल्यावर थेट दोनच म्हणत. पण मारुतीरावांच्या आजोबांनी घालून दिलेली रीत ही अशी होती आणि ती बदलायची कुणाची छाती नव्हती.

कृष्णात अठरा वर्षं हेच करत आला होता. दारात खोक्यावर बसायचा, कानावर जांभळी पेन्सिल, मांडीवर पुठ्ठ्याला लावलेला कागद. कागदाच्या डोक्यावर 'लाभ' लिहायचं, खाली चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की लग्नाच्या पंगतीत बसला तरी ओठ हलत, लाभ, एक, दोन. त्याची धाकटी बहीण जयाबाई त्याला यावरून छळायची.

"आण्णा, तू पैली भाकरी देवाची म्हणून खातोस, मग दुसरीला एक म्हणतोस. आणि शेवटाला ती देवाची मिळवायचं इसरतोस. म्हणून तर लई खातोस."

सगळे हसत. कृष्णातही हसायचा. पुढं कधीतरी हे हसणं आठवून अंगावर काटा येईल असं तेव्हा कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

जयाबाईचा नवरा शामू हा मूळचा पिरनवाडीचा. निपाणीत मारुतीरावांच्या गाड्या दुरुस्त करायचा. काळासावळा, किरकोळ, बोलायला कमी. पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठल्या नळकांड्यात काय दुखतंय ते सांगायचा. जयाबाई घरी विड्या वळायची. सूप मांडीवर, पानं, तंबाखू, दोरा, आणि तोंडानं गप्पा चालू. तिची बोटं आपली आपण मोजत. पंचवीस झाल्या की जुडी बांधायची, आणि जुडीत कधी चोवीस निघाल्या नाहीत, कधी सव्वीस निघाल्या नाहीत.

शर्यतीची बातमी आली ती चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत. बेळगावच्या काही हौशी मोटारवाल्यांनी पांढरमाळावरच्या गोलावर साध्या गाड्यांची पन्नास फेऱ्यांची शर्यत ठरवली होती. निपाणीहून घाट चढून गेलं की हमरस्त्यापासून आत दोन मैलांवर पांढरमाळ लागतो. लढाईच्या काळात लष्करानं ट्रक पारखायला तिथं अंड्याच्या आकाराचा डांबरी रस्ता केला होता, पुरता एक मैलाचा. दोन बाजू सरळ सुतासारख्या, आणि दोन्ही टोकांच्या वळणांवर रस्ता बाहेरच्या अंगानं तिरपा उचललेला, म्हणजे वेग कमी न करता वळता यावं. पूर्वेकडच्या वळणापलीकडं जुनी दगडाची खाण होती. सरळ बाजूच्या मध्यावर एक दगडी चौथरा. लष्कर गेलं, गोल राहिला. त्यावर गावची माणसं शेंगा वाळवत.

शर्यतीला नवी महागडी गाडी चालणार नव्हती. रोज रस्त्यावर पळते तीच गाडी, आतल्या गाद्या आणि काचा काढून. मारुतीरावांना बेळगाव-कोल्हापूरच्या मंडळींपुढं मिरवायची हौस. त्यांनी वखारीची जुनी अँबेसेडर शामूच्या हवाली केली.

"जिंकलास तर तुझ्या नावाची पाटी लावून ग्यारेज घालून देतो," ते चारचौघांत म्हणाले. शामू त्या दिवशी जेवला नाही, असं जयाबाईनं नंतर सांगितलं.

तीन रविवार तो रिकाम्या गोलावर गाडी फिरवत राहिला. परत आला की टायरांवर खडूच्या खुणा करून बघत बसायचा. शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो कृष्णातच्या दारात आला.

"मेव्हणं, एक काम हाय. परत्येक गाडीचं फेरं मोजाय एक माणूस लागतोय. माझं फेरं तुमी मोजा."

"मी? मला मोटारीतलं काय कळतंय, दाजी?"

"मोटारीतलं कशाला कळाय पायजे? मोजाय तुमच्यासारखा माणूस उभ्या निपाणीत न्हाय." मग तो जरा थांबला. "पुढचा उजवा टायर पन्नास फेरं कसंबसं काढतोय. मालक नवा देत न्हाईत. पन्नास म्हंजे पन्नास. एक्कावन्नावा न्हाय निघायचा. मला आत बसून मोजाय जमंल न जमंल. तुमी पाच ऱ्हायल्यावर हात दावायचा, पाच बोटं. मग चार. मग तीन. मूठ मिटली की मी थांबनार."

कृष्णातनं पाच बोटं दाखवून मूठ मिटून दाखवली. शामू हसला. एवढंच.

शर्यतीच्या दिवशी पांढरमाळावर जत्रा लोटली होती. बैलगाड्या सोडून माणसं दोराच्या कडेला दाटीनं उभी. कुणी झाडावर, कुणी ट्रकच्या टपावर. नऊ गाड्या. चौथऱ्यावर नऊ मोजणारे ओळीनं बसले आणि त्यांच्यापुढं झेंडा घेऊन एक पेन्शनीत निघालेले सुभेदार. कृष्णातनं मांडीवर पुठ्ठा घेतला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. बायकांच्या घोळक्यात जयाबाई दोराला टेकून उभी होती. घरचं काम तुंबलं म्हणून असेल किंवा नुसतीच सवय म्हणून, विडीचा दोरा तिच्या बोटांत होताच.

झेंडा पडला आणि नऊ गाड्या एकदम ओरडल्या.

पहिल्या फेऱ्याला शामूची गाडी तिसरी होती. ती चौथऱ्यापुढून गेली, तापलेल्या डांबराचा आणि पेट्रोलचा झोत तोंडावर आला, आणि कृष्णातनं कागदाच्या डोक्यावर लिहिलं, 'लाभ'.

त्याला काही वाटलं नाही. श्वास घेताना वाटतं का काही?

दहा फेऱ्यांनंतर शामू दुसरा होता. विसाव्याला पहिला. मागं पडलेल्यांना तो एकेक करून गाठत, वळसा घालत निघाला, तेव्हा धुरळ्यात कोण पुढं आणि कोण मागं हे बघणाऱ्यांना कळेना. मोजणाऱ्यांच्या कागदावरच काय ते खरं. तिरप्या वळणावर गाडी चढायची तेव्हा तिची पाठ उन्हात चमकायची आणि टायरांची किंकाळी माळभर पसरायची. कृष्णातच्या ओठांवर आकडे आपोआप येत होते. रेघा पडत होत्या.

पंचेचाळिसाव्या रेघेला त्यानं पाच बोटं दाखवली. मग चार. तीन. दोन.

एकोणपन्नासावी रेघ ओढून त्यानं एक बोट वर केलं.

त्याच वेळी शामूची गाडी चौथऱ्यापाशी आली आणि मंदावली. कृष्णातला ते आजही जसंच्या तसं दिसतं. गाडी बैलगाडीच्या चालीवर आली. शामूनं बिनकाचेच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा धुरळ्यानं पांढरा, फक्त डोळे काळे. त्यानं मूठ मिटून दाखवली आणि मान उडवली. झालं ना?

सुभेदार झेंडा उचलायच्या बेतात वळले. "झाले?"

"न्हाय," कृष्णात म्हणाला. "अजून एक." आणि बोट शामूपुढं नाचवलं.

शामूनं क्षणभर त्या बोटाकडं पाहिलं. मेव्हण्यासारखा मोजणारा उभ्या निपाणीत नव्हता. त्यानं डोकं आत घेतलं, गिअर पडला आणि गाडी सुटली.

ती पूर्वेच्या वळणाकडं निम्मी गेली असेल. कृष्णातनं शेवटची रेघ ओढायला पेन्सिल टेकवली आणि त्याची नजर कागदाच्या डोक्याकडं गेली.

लाभ.

त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही, आणि फुटला असता तरी तिथवर पोचला नसता. वळणावर फाट् असा आवाज झाला, फार मोठा नाही, दिवाळीतल्या फटाक्याएवढा. गाडी तिरप्या रस्त्यावरून वर वर सरकत गेली, कडेला पोचली आणि दिसेनाशी झाली. खाणीतून आवाज यायला थोडा वेळ लागला.

सगळा माळ तिकडं पळत सुटला. चौथऱ्यावर कृष्णात एकटा उरला. तेवढ्या वेळात त्यानं अंगठा जिभेला लावला आणि कागदाच्या डोक्यावरचा तो शब्द पुसला. जांभळ्या पेन्सिलीचं ओलं झालं की पसरतं. तिथं एक मोठा जांभळा डाग झाला, आणि उरल्या फक्त एकोणपन्नास रेघा. सुभेदार धापा टाकत परत आले तेव्हा त्यानं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी मोजलं, मान हलवली. कप कोल्हापूरच्या गाडीला गेला. दोघं-तिघं म्हणाले, शामू पुढं होता की हो. पण कागदापुढं कुणाचं चाललं नाही.

अंगठ्याचा जांभळा रंग आठ दिवस निघाला नाही. शामूच्या मातीला त्यानं तो हात धोतरात लपवून ठेवला होता.

मग गाव बोलू लागलं. शामूला हाव नडली. शेवटच्या फेऱ्याला जरा दमानं घेतलं असतं तर. हाताशी आलेलं घालवलं आणि जिवानंही गेला. मारुतीराव तर येईल त्याला हेच सांगत. कृष्णात ते ऐकायचा आणि मान डोलवायचा. एकदा वखारीत कुणीतरी त्यालाच विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दाजी कुनाचं ऐकत नव्हतं." बोलून झाल्यावर त्यानं वर पाहिलं तर दारात जयाबाई डबा घेऊन उभी होती. तिनं डबा खोक्यावर ठेवला आणि गेली. त्या दिवशी कृष्णातला भाकरी गिळवली नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं, पण लोकांपुढं खरं बोलावं असं काही वाटलं नाही. लाज माणसाला जागेवर गाडून टाकते. आज सांगू, उद्या सांगू, आणि जेवढे दिवस गेले तेवढं सांगणं जड होत गेलं.

त्यानंतरच्या हंगामात वखारीत एक गोष्ट होऊ लागली. कृष्णातनं आकडा सांगितला की दुसऱ्या मोजणीत एक बोद जास्त निघायचा. तो रीतीप्रमाणे लाभ मिळवायचा, दोनदा खात्री करायचा, तरी एक जास्त. त्यानं चिडून लाभ म्हणायचंच सोडलं, सरळ एकपासून मोजू लागला. तरी एक जास्त. कमी कधी नाही. मारुतीरावांनी स्वतः उभं राहून बघितलं. दोघांनी मिळून साठ मोजले. हमालानं आत जाऊन थप्पी मोजली, एकसष्ट.  दुसऱ्या दिवसापासून मारुतीरावांनी कृष्णातला मोजणीवरून काढून दारावर राखण करायला बसवलं. खोकं तेच, पेन्सिल तेवढी गेली.

जयाबाई दर वर्षी त्या तारखेला डबा बांधून पांढरमाळावर जायची. एकटी. कृष्णात दर वर्षी काहीतरी निमित्त काढायचा. एकदा पाय मुरगळला, एकदा वखारीत माल येणार होता, एकदा तर त्यानं सरळ परगावच गाठलं. ती कधी रागावली नाही. संध्याकाळी परत आली की ती अंगणात पाय धुवायची, आणि एका वर्षी त्याला दिसलं, की तिच्या लुगड्याच्या काठाला काळं तेल लागलंय. ताजं. इंजिनाचं.

"हे कुठनं लागलं गं?"

तिनं काठ बघितला. "माळावरनं."

"माळावर कोन गाडी आनतंय?"

ती पाणी ओतत राहिली. "तितं चौथऱ्यापुढं गवत उगवत न्हाय, आण्णा. बाकी समदा गोल गवतानं झाकलाय. तेवढंच उगवत न्हाय."

त्यानं चपला घातल्या आणि घरची वाट धरली.

दहावं वर्ष चौऱ्याऐंशीचं. आदल्या दिवशी जयाबाई त्याच्या घरी आली. केस पांढरे झाले होते, बोटं तंबाखूनं तपकिरी. बसली नाही.

"उद्या तू चल."

"उद्या जरा..."

"धा वरसं झाली, आण्णा. मी कदी म्हनले न्हाय. उद्या चल."

तिच्या आवाजात मागणं नव्हतं, की रागही नव्हता. त्याला नाही म्हणता येईना.

दुपारी दोनच्या सुमाराला ते घाटाच्या वरच्या अंगाला गाडीतून उतरले आणि चालत माळावर गेले. ऊन कडक होतं पण वारा होता. गोल ओळखू येत नव्हता. डांबर फुटून त्यातून कुसळाचं गवत आलं होतं, गुडघाभर, वाळून पिवळं पडलेलं. चौथऱ्याचे दोन दगड निखळले होते. चौथऱ्यापुढं मात्र गाडीभर लांबीचा डांबराचा तुकडा मोकळा होता, काळा, जणू कालच झाडून ठेवलेला. त्याच्या मधोमध तेलाचे तीन थेंब. कृष्णातनं वाकून बोट लावलं. तेल कोमट होतं.

"बस," जयाबाई म्हणाली.

ते चौथऱ्यावर बसले. तो दहा वर्षांपूर्वी बसला होता तिथंच तिनं त्याला बसवलं. तिनं डबा उघडून केळीच्या पानावर भाकरी आणि झुणका वाढून पुढं ठेवला. मग कमरेची पिशवी सोडली आणि विडीचा दोरा काढून बोटांत घेतला. घरी बसल्यासारखी.

तीन वाजले असतील. आधी दगड थरथरले. कानाला काहीच नव्हतं, पण बूड टेकलेल्या दगडातून ती थरथर वर आली. मग वाऱ्याच्या उलट्या दिशेनं एक गरम झोत आला, पेट्रोलचा आणि तापलेल्या रबराचा. पुढच्या गवतात दोन रेघा पडल्या. गवत आडवं झालं आणि उठलं, आडवं झालं आणि उठलं, सरळ पूर्वेच्या वळणाकडं.

कृष्णातच्या तोंडातून शब्द गेला. "लाभ."

त्यानं ओठ चावले. जयाबाईनं वळून पाहिलं नाही. तिनं दोऱ्याला एक गाठ मारली.

मिनिटभरानं पुन्हा. गवत आडवं, गवत उभं. कृष्णातनं तोंडावर हात धरला. हाताच्या आत ओठ हलले, एक.

"वारं हाय," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली, आणि गाठ मारली.

तो उठू शकला असता. कुणी त्याला धरलं नव्हतं. पण दर मिनिटाला ती थरथर यायची, पोटऱ्यांवर ऊब लागायची, आणि तो मोजायचा. दहा. वीस. आता आवाजही येऊ लागला होता, लांबून, पूर्वेच्या वळणावर, टायरांचा. तो आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. तीस. चाळीस.  पानावरची भाकरी धुरळ्यानं पांढरी झाली होती. माळावर धुरळा उडायला मोकळी माती कुठंच नव्हती.

पंचेचाळीसला त्याचा हात वर गेला. पाच बोटं.

जयाबाईची नजर पहिल्यांदा रस्त्यावरून हलली. ती त्याच्या हाताकडं बघू लागली.

चार.

तीन.

दोन.

एक. आणि गवतातल्या रेघा मंदावल्या.

त्या सावकाश सरकत आल्या आणि मोकळ्या डांबराच्या कडेला संपल्या. समोर काही नव्हतं. उन्हात फक्त हवा थरथरत होती, गाडीभर लांबीची. डांबरावर तेलाचा चौथा थेंब पडला.

गाडी थांबली होती. वाट बघत होती.

एक बोट मिटायचं होतं, बस्स. कृष्णातला सगळं लख्ख कळलं. मूठ मिटली की संपलं. शामू थांबला असता. मोटारीतून उतरला असता, नाहीतर जे काय करायचं ते केलं असतं, पण थांबला असता. त्याचे पन्नास झाले होते. दहा वर्षांपूर्वीच झाले होते.

"आण्णा," जयाबाई हळूच म्हणाली. "झालं का?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मूठ मिटली तर ती विचारेल, काय झालं? मग सगळंच सांगावं लागेल. लाभ सांगावा लागेल, अंगठा सांगावा लागेल. दाजी कुनाचं ऐकत नव्हतं, हे आपण म्हणालो होतो तेही. त्याचे कान तापले. वखारीच्या दारात ती डबा घेऊन उभी राहिली होती तेव्हाचाच तिचा चेहरा आताही होता.

"न्हाय," कृष्णात म्हणाला. "अजून एक."

आणि बोट नाचवलं.

थरथर क्षणभर तशीच राहिली. मग गिअर पडल्याचा आवाज झाला, अगदी जवळ, आणि गवत आडवं होत पूर्वेकडं सुटलं.

वळणावर फाट् असा आवाज झाला.

मग काहीच नाही. गवत उभं राहिलं. कुठंतरी टिटवी ओरडली.

जयाबाईनं हातातला दोरा सरळ केला. त्यावर गाठी होत्या, एकसारख्या, विडीच्या जुडीसारख्या. मग तिनं पिशवीतून दुसरा दोरा काढला, जुना, मळून काळा पडलेला, आणि शेजारी धरला. दोन्ही दोरे टोकाला टोक बरोबर आले.

"पन्नास," ती म्हणाली. "त्या दिशीबी पन्नासच हुत्या. मी दोराला टेकून मोजत हुते. मला वाटलं आण्णा सांगंल. आज न्हाई तर उद्या सांगंल."

 कृष्णातला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. जमीन तशीच राहिली.

"दर वरसाला मी येते तवा ते हितं येऊन थांबतंय," ती चौथऱ्यापुढल्या काळ्या तुकड्याकडं बघत म्हणाली. "मी मूठ दावते. मला ते मानत न्हाय. मोजणारा मी न्हाय नव्हं. दिस बुडंस्तवर थांबून ऱ्हातंय आनि मग विरून जातंय. पडत तरी न्हवतं." तिनं दोन्ही दोरे पिशवीत ठेवले. "आज पडलं."

"जया..."

"तू जा, आण्णा. गाडी चुकंल तुझी. मी थांबते. वर आलंच परत, तर कुनीतरी पायजे."

ती खाणीकडं चालू लागली. त्यानं हाक मारली नाही. गवतातून तिचा पदर दिसेनासा होईपर्यंत तो उभा राहिला आणि मग हमरस्त्याकडं निघाला, भराभर, कुणी बघत नसताना माणूस चालतो तसा.

दिवस बुडायच्या आत निपाणीची गाडी मिळाली. गर्दी होती. कंडक्टरनं माणसांतून वाट काढत येऊन कन्नडमध्ये किती म्हणून विचारलं. कृष्णात बोलायच्या आतच कंडक्टरनं त्याच्या हाताकडं बघून एक तिकीट फाडून दिलं आणि तो पुढं गेला.

घाट उतरून झाल्यावर कंडक्टर मागं परत आला. त्याच्याकडं बघून हसला.

"तिकीट दिलंय की ओ तुमास्नी. हात खाली घ्या आता."

कृष्णातनं वर पाहिलं. उजवा हात खांद्याच्या वर होता, एक बोट ताठ. त्यानं हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि बोट मिटायला गेला. ते मिटलं नाही. त्यानं डाव्या हातानं धरून वाकवायला बघितलं. शेजारचा माणूस सरकून बसला. बोट गरम होतं, आणि हाडाच्या आतून बारीक थरथरत होतं.